मुरबाडला ट्रफल नको, घणसोलीत धिंगरी काढू

गणपतीत माहेरी मुरबाडला गेले होते. आरती होऊन प्रसादाची वाटी हातात येते न येते तोच भाचा मोबाईल घेऊन शेजारी सरकला. "आत्या, हे बघ. ट्रफल. युरोपात सोन्याच्या भावाने जातं. रोपं घरपोच देतायत. वरच्या मळ्यात लावूया का?" व्हिडिओत एक कुत्रा झाडाखाली उकरत होता आणि मालकाच्या तळहातावर बटाट्याएवढी काळी, खरबरीत गाठ होती. मी विचारलं, "मळ्यातल्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, काढलास?" म्हणाला, "ते रोपंवाले बघून घेतील."

रोपंवाले फक्त रोपांचे पैसे बघून घेतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. तो अनुभव पुढे सांगते. मी नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणात राहते. सासऱ्यांच्या जुन्या घरात तळमजल्याला दहा बाय बाराची एक खोली आहे, तिथे चार वर्षं धिंगरी अळंबी (ऑयस्टर मशरूम) काढते. भाच्याला जे दोन तास बसून समजावलं, तेच इथे नीट लिहून काढते आहे.

आधी ट्रफलचं उरकून घेऊ. ट्रफल ही बुरशीच, पण जमिनीखाली वाढणारी आणि एकटी न जगणारी. ओक किंवा हेझलसारख्या झाडाच्या मुळांना ती बिलगून राहते. झाड तिला साखर पुरवतं, ती झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार ओढून देते. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात रोपांच्या मुळांवर ही बुरशी आधीच रुजवून विकायची पद्धत बसली आणि ट्रफलने मुलुख सोडला. न्यूझीलंडमध्ये गिसबोर्नजवळ १९९३ साली काळं ट्रफल निघालं, टास्मानियात १९९९ साली. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याआधी काय केलं, ते भाच्याच्या व्हिडिओत नव्हतं. त्यांची माती आम्ल होती, म्हणून शेतात टनावारी चुनखडी ओतून त्यांनी सामू आठच्या आसपास नेला. थंडी मात्र त्यांना विकत आणावी लागली नाही, ती तिथे होतीच.

आपल्याकडे माती लालसर, आम्लाकडे झुकलेली. पाऊस चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या घरात. आणि हिवाळा म्हणजे पहाटे स्वेटर, दुपारी पंखा. चुना एक वेळ आणून टाकू, हिवाळा कुठून आणणार? एवढं सगळं जुळलं तरी पहिलं फळ दिसायला पाच-सात वर्षं, कधी दहा. भाच्याचं लग्न होऊन पोरगं शाळेत जाईल तोवर.

असली हट्टी अळंबी आपल्याही रानात आहे. पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवते ती. येऊरच्या पायथ्याला किंवा शहापूर-मुरबाडच्या बाजारात आदिवासी बाया पानांत बांधून आणतात आणि सकाळी नऊच्या आत टोपली रिकामी होते. तिची शेती वाळवी करते, माणसाला ती अजून जमलेली नाही. बस्तरच्या जंगलातली बोडा नावाची अळंबीही तशीच, साल वृक्षाच्या मुळांशीच येणार. (ओघात आलं म्हणून सांगते: रानातली अळंबी स्वतः ओळखून तोडायला जाऊ नका. त्या बायांनी आजीच्या बोटाला धरून ती ओळख कमावलेली असते, आपण मोबाईलवर फोटो जुळवत बसतो.)

धिंगरीला जिवंत झाड लागत नाही, मेलेला पेंढा पुरतो, म्हणून ती खोलीत येते. आणि ट्रफलला जी हवा नको, म्हणजे ही आपली खाडीकाठची दमट, उबदार हवा, तीच धिंगरीला मानवते.

कधी सुरू करायचं

पहिली खेप दिवाळीनंतर धरा. भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते, पेंढा ताजा आणि खडखडीत मिळतो, रात्री जरा गारवा असतो आणि चिलटं कमी असतात. या दिवसांत पांढरी फ्लोरिडा जात छान येते. पावसाळ्यात ओलाव्याची काळजी मिटते, पण माश्या आणि हिरवी बुरशी यांचाही तोच हंगाम. तेव्हा करड्या रंगाची सजोर-काजू घ्यावी. गुलाबी धिंगरी तिशीच्या आसपासचं तापमानही सोसते, दिसायला फार देखणी असते, पण तोडल्यावर लवकर मऊ पडते, त्यामुळे विकण्याआधी घरातच संपवावी लागते. एप्रिल-मेमध्ये मी धिंगरीच्या नादाला लागत नाही. त्या उन्हाळ्यासाठी दुधी अळंबी आहे, तिला ३० ते ३५ अंश चालतात. मात्र तिला वरून मातीचा थर द्यावा लागतो, तो वेगळा विषय आहे.

खोलीचं म्हणाल तर तळमजला, उत्तरेची बाजू, फरशी किंवा कोबा आणि समोरासमोर दोन झरोके एवढं पुरे. झरोक्यांना बारीक जाळी ठोका. पत्र्याचं छत असेल तर दुपारी खोली भट्टी होते, तिथे पेंढा घालून तरी थोपवा नाहीतर दुसरी जागा बघा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाथरूमशेजारचा कोपरा पकडून चार-पाच पिशव्यांपर्यंतच थांबावं. त्यामागे एक कारण आहे, तोडणीच्या वेळी सांगते. एक छोटा डिजिटल मीटर मात्र घ्याच, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा. "हाताला गार लागतंय" हे माप नव्हे.

पेंढा: अर्धं काम इथेच

पेंढा यंदाचाच हवा. सोनेरी, वास स्वच्छ, मुठीत चुरगाळला तर कडकड वाजणारा. तबेल्याच्या बाहेर रचलेला, दोन पाऊस खाल्लेला काळपट पेंढा स्वस्त मिळतो. माझ्या पहिल्या खेपेला मी तोच आणला होता. वीस पिशव्या भरल्या, चौदा हिरव्या झाल्या. आमचे हे रोज संध्याकाळी दारात उभे राहून विचारायचे, "आज किती गेल्या?"

पेंढ्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे करा. कोयत्याने थोडंसंच होतं. जास्त असेल तर गावाकडे कडबाकुट्टीतून काढून आणा. लोंब्यांत दाणे राहिले असतील तर झटकून घ्या, नाहीतर पिशवीत भाताची रोपं उगवतात आणि त्या दाण्यांवर आधी बुरशी बसते. तुकडे कांद्याच्या जाळीदार गोणीत भरा, गोणी पिंपात बुडवा, वर पाटा ठेवा. रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास. सकाळी चहाच्या रंगाचं पाणी निघतं, ते ओतून द्या.

आता गरम पाणी. माझ्याकडे लग्नकार्यातला अॅल्युमिनियमचा मोठा टोप आहे, तो शेगडीवर चढवते. पाणी ७५ ते ८० अंशांवर गेलं की गोणी आत, वरून झाकण, झाकणावर ओलं गोणपाट, आणि घड्याळ लावून एक तास. खळखळ उकळू देऊ नका, पेंढ्याचं सत्त्व पाण्यात उतरतं आणि काडी लिबलिबीत होते. पण ६० च्या खालीही येऊ देऊ नका. तळाशी आणि वर दोन्हीकडे थर्मामीटर बुडवून बघा, दहा अंशांचा फरक सहज निघतो. पुस्तकांत फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिमच्या पाण्यात भिजवायची पद्धतही दिलेली असते. मोठ्या शेडमध्ये तिचा वापर होतो. घरात लेकरंबाळं असताना मी ते रसायन आणत नाही, आणि तुम्हीही आणू नका.

गोणी बाहेर काढून तिरकी टांगा, पाणी निथळू द्या, मग धुतलेल्या प्लास्टिकवर पातळ पसरून गार करा. पंखा लावू नका, धुळीबरोबर नको ते बीजाणू येतात. आणि आता या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. मूठभर पेंढा घ्या आणि जीव खाऊन पिळा. पाण्याची धार लागली तर अजून थांबा. एखाददुसरा थेंब बोटांच्या बेचक्यात येऊन अडकला आणि मूठ उघडल्यावर तळवा ओलसर राहिला, तर भरायला घ्या. तळवा कोरडा राहिला तर उशीर झाला, थोडं उकळून गार केलेलं पाणी शिंपडा. माप म्हणून सांगायचं तर ६५ टक्के ओलावा, पण मूठच खरी.

बियाणं

याला सगळे स्पॉन म्हणतात. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी असते ती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळंबी सुधार प्रकल्पाचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा. हिमाचलातल्या सोलनचं अळंबी संशोधन संचालनालय तर या विषयातलं देशाचं माहेरघर. खासगी प्रयोगशाळाही बऱ्याच आहेत, पण पाकिटावर जात आणि तयार केल्याची तारीख नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. दाणे कापूस लपेटल्यासारखे एकसारखे पांढरे दिसायला हवेत. हिरवा, काळा ठिपका किंवा तळाशी पिवळं पाणी म्हणजे परत करा. आंबट वास आला तरी तेच.

पुण्याहून आणायचं तर पहाटेच्या गाडीने, थर्माकोलच्या डब्यात. दुपारी एक्स्प्रेस वेवर गाडीच्या डिकीत तापलेलं बियाणं दिसायला पांढरंच असतं, पण मेलेलं असतं. फ्रिजमध्ये महिनाभर टिकतं, फ्रीझरमध्ये ठेवू नका. भरण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढून ठेवा.

हिशेब सोपा. १ किलो कोरडा पेंढा भिजून साधारण तीन किलो होतो, त्याला १०० ग्रॅम बियाणं. दहा किलो पेंढ्यात तीन-तीन किलोच्या दहा पिशव्या होतात. नवख्याने पहिल्यांदा एवढंच करावं.

आता सुरुवातीला म्हटलेला तो अनुभव. दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ आले. "बियाणं आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच उचलतो." करारही दिला, शिक्क्यासकट. बियाणं बाजारभावाच्या दुप्पट. माल तयार झाला तेव्हा फोन लागेना. सतरा किलो धिंगरी घेऊन मी दोन दिवस ऐरोलीपासून कोपरखैरण्यापर्यंत दारोदार फिरले, उरलेली वाळवली. तेव्हापासून माल परत घेणाऱ्याकडून मी बियाणं घेत नाही. ट्रफलच्या रोपांनाही हाच नियम लावा, असं भाच्याला सांगितलं.

भरणी

चौदा बाय बावीस इंचांच्या पारदर्शक पिशव्या घ्या. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, टेबल पुसा, दारं-खिडक्या लावून घ्या. तळाला तीन इंच पेंढा, तो मुठीने दाबा, कडेकडेने बियाण्याचे दाणे टाका, पुन्हा पेंढा. असे चार-पाच थर. दाणे मधोमध पेरण्यापेक्षा कडेला टाकले की प्लास्टिकमधून वाढ दिसते आणि बिघाडही लगेच नजरेला येतो. शेवटचा थर बियाण्याचा, वर चिमूटभर पेंढा. दाबण्यात कंजुषी करू नका, पोकळी राहिली की तिथे पाणी साठतं. तोंड सुतळीने आवळा आणि दाभण ज्योतीवर धरून सगळीकडून वीस-पंचवीस भोकं पाडा. पिशवीवर तारीख आणि जात लिहा. लक्षात राहील म्हणाल, राहत नाही.

मग पिशव्या अंधारात, फळीवर, एकमेकींत चार बोटं अंतर ठेवून. एकावर एक रचू नका. आत बुरशी वाढताना उष्णता सोडते, पिशवीच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त असतं. खोलीत २५ ते २८ अंश असावेत. पाणी मारायचं नाही, उघडून बघायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येक दाण्याभोवती पांढरी लव दिसते, पंधरा ते वीस दिवसांत सगळी पिशवी कवडी दह्यासारखी घट्ट पांढरी होते. बोटाने वाजवली तर टणक लागते. भोकाशी नाक नेऊन बघा. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर झकास.

हिरवा डाग दिसला तर ती पिशवी त्याच मिनिटाला खोलीबाहेर. "थोडासाच आहे" म्हणून ठेवलेली एक पिशवी शेजारच्या चारांना घेऊन जाते. ती घरात उघडू नका, लांब नेऊन मातीत पुरा. सगळ्या पिशव्यांत तळाशीच बिघाड दिसला तर पेंढा ओला भरला गेला. जागोजागी ठिपके असतील तर पाणी पुरेसं तापलं नव्हतं. फक्त तोंडाशी असेल तर हात नीट धुतले नव्हते.

अंकुर आणि तोडणी

पांढरी झालेली पिशवी उजेडाच्या खोलीत आणा. थेट ऊन नको, पेपर वाचता येईल एवढा उजेड पुरे. पुस्तकं म्हणतात प्लास्टिक पूर्ण काढा. पावसाळ्यात मी काढते. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारची हवा बरीच कोरडी होते, तेव्हा नुसत्या सात-आठ उभ्या चिरा देते, गठ्ठा सुकत नाही. सुतळीच्या शिंक्यात टांगा. भिंतींना ओलं गोणपाट लावा, फरशीवर वाळू पसरून ती भिजवा, आर्द्रता ८० ते ८५ टक्के ठेवा. दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा, तोही हवेत आणि भिंतींवर. गठ्ठ्यावर धार नको. खोलीत पाण्याची भांडी भरून ठेवायचा मोह टाळा. पालिकेचे लोक डासांच्या अळ्या बघायला येतात आणि ते बरोबरच आहे. धुराची फवारणी गल्लीत आली की मात्र झरोके पटकन लावून घ्या.

चार-पाच दिवसांनी चिरेतून टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके बाहेर येतात. आमच्यात त्यांना पिन म्हणतात. हे बघायला मी अजूनही पहाटे चपला न घालता खोलीत जाते. रात्री मोहरीएवढं असलेलं सकाळी हरभऱ्याएवढं, संध्याकाळी छत्री उघडायच्या बेतात. या तीन दिवसांत ती तुमच्याशी बोलते. देठ लांब आणि छत्री बटणाएवढी राहिली तर खोलीत हवा कोंडली आहे, झरोके उघडा. कडा तडकल्या तर कोरडं पडलंय. पिवळट, चिकट डाग आले तर पाणी जास्त झालं आणि वारं नाही. चिलटं घोंघावायला लागली तर पिवळे चिकट कागद टांगा, औषध मारू नका, कारण तेच आपण उद्या खाणार आहोत.

तोडणी छत्रीची कड सपाट होऊन वर वळायच्या आत. कड अजून किंचित खाली झुकलेली असते, बोटाला मखमल लागते. पूर्ण झुबका मुळाशी धरून पिळा, कापू नका, मागे राहिलेला बुडखा सडतो. तोडण्याआधी बारा तास फवारा बंद. वजन वाढावं म्हणून पाणी मारणारे असतात, त्यांचा माल दुसऱ्या दिवशी पाकिटात घाम धरतो.

फ्लॅटमध्ये चार-पाच पिशव्यांवरच थांबा म्हटलं, त्याचं कारण हे. उशीर झाला की धिंगरी खाली पांढरी पूड झाडते. ते बीजाणू, आणि लाखोंनी. बंद खोलीत रोज ते श्वासात गेले तर खोकला, ताप, धाप लागते. अळंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांत हा आजार माहितीचा आहे. तोडताना मास्क लावा, आधी दहा मिनिटं झरोके उघडा आणि दमेकऱ्याच्या घरात हा उद्योग करूच नका.

पहिला बहर झाला की गठ्ठ्याची वरची मेलेली साल हाताने खरवडा आणि पुन्हा फवारा सुरू करा. आठ-दहा दिवसांनी दुसरा, मग तिसरा. चौथ्याची वाट मी बघत नाही, तोवर माश्याच जास्त होतात. किलोभर कोरड्या पेंढ्यामागे तिन्ही बहर मिळून ६०० ते ८०० ग्रॅम ताजी धिंगरी निघाली तर नवख्याने खूश व्हावं.

विकायचं कुठे

वाशीच्या बाजार समितीत जायची घाई करू नका. तिथे बटण मशरूमची सवय आहे आणि दहा पिशव्यांच्या मालाला कुणी विचारत नाही. आधी शेजारपाजार, सोसायटीचा ग्रुप, श्रावणात मटण बंद असलेली घरं. दोनशे ग्रॅमची पाकिटं, पाकिटाला दोन-चार भोकं, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. पाकिटाबरोबर तोंडी कृती सांगावीच लागते. मी सांगते: धुवून पिळा, हाताने फाडा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुकं करा, वरून पाणी घालू नका, तिला स्वतःचंच सुटतं. उरलेली कडक उन्हात वाळवा, दहा किलोची एक किलो होते आणि हवाबंद डब्यात कित्येक महिने राहते. पावसाळ्यात वाळवायच्या फंदात पडू नका. नेमाने विकायला लागलात की अन्न सुरक्षेची नोंदणी काढून घ्या. भाव ठरवताना बियाणं, पिशव्या, गॅस, टेम्पो यांत वाया गेलेल्या पिशव्याही धरा, आणि स्वतःची मजुरीही. बायका ती कधीच धरत नाहीत, मीही पहिली दोन वर्षं धरली नव्हती.

भाच्याने रोपं घेतली नाहीत. डिसेंबरात पेंढ्याच्या दहा गोणी घेऊन स्वतःच टेम्पोतून आला, एक दिवस राहून भरणी शिकला. जाताना तिसरा बहर संपलेला जुना पेंढा गोणीत भरून घेऊन गेला. वरच्या मळ्यात वाल लावलाय, त्याच्या बुडाशी पसरतो म्हणाला.